मागून घेतलेली दुपार

वैद्यकीय परिषदांत चहाच्या सुटीत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न नव्या लसींविषयी नसतो. "तुम्ही एवढं लिहिता, त्याला वेळ कुठून काढता?" हा तो प्रश्न. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा कौतुक असते. क्वचित, हिचा दवाखाना फारसा चालत नसावा, अशी बारीक शंकाही असते. दवाखाना चालतो. सत्तावीस वर्षे मी बेळगावात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे आणि पावसाळ्यात, तान्ह्या मुलांच्या छाती घरघरण्याच्या दिवसांत, आमच्या बाकांवर बसायला जागा उरत नाही. खरे नाही ते 'एवढं' हे विशेषण. तेरा वर्षांत तीन लहान पुस्तके झाली. एकदा गंमत म्हणून मी त्यांतल्या ओळी मोजल्या आणि दिवसांनी भागल्या. दिवसाला अडीच ओळीही पडत नाहीत.

तरीही संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी याच विषयावर लिहिण्याचा आग्रह धरला, तेव्हा मी नाही म्हटले नाही. आपल्या सभासदांत लिहू शकणारे पुष्कळ आहेत हे मला ठाऊक आहे. कोणाच्या टेबलाच्या खणात कविता आहेत, कोणाच्या डोक्यात वीस वर्षांपासून एक कादंबरी आहे. ती डोक्यातून कागदावर न येण्याचे कारण प्रतिभेचा अभाव हे क्वचितच असते. कारण अगदी गद्य असते, आणि गद्य कारणांविषयी गद्यातच बोललेले बरे.

मराठीत 'वेळ काढणे' याचे दोन अर्थ होतात. एक, कामातून सवड करणे. दुसरा, कसेबसे दिवस ढकलणे. लेखनाच्या बाबतीत आपण डॉक्टर मंडळी बोलतो पहिल्या अर्थाने आणि वागतो दुसऱ्या. मुलाची बारावी होऊ दे, हॉस्पिटलचे कर्ज फिटू दे, धाकटीचे लग्न होऊ दे; आणि मग शेवटचा वायदा, निवृत्तीनंतर लिहिणारच आहे.

आमच्या गावच्या एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांचा हा वायदा मी जवळून पाहिला. बोलणे अत्यंत रसाळ. रात्री-बेरात्री बैलगाडीतून आलेले रुग्ण, वीज गेल्यावर कंदिलाच्या उजेडात पुरी केलेली शस्त्रक्रिया, पैसे नाहीत म्हणून तांदळाचे पोते आणून ठेवणारा शेतकरी. ते सांगू लागले की जेवणाची ताटे निवत. "हे लिहा हो," असे सगळेच म्हणत. त्यांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुरी खाली ठेवली. हात थरथरत नव्हते, मोतीबिंदूचे ऑपरेशन उत्तम झाले होते, स्मरणशक्ती शाबूत होती. वर्षभराने भेटले तेव्हा मला म्हणाले, "सगळं आठवतं गं, पण बसवत नाही. पंधरा मिनिटं झाली की वाटतं, कुणीतरी बोलावलंय." पन्नास वर्षे कोणीतरी बोलावीतच आले होते, शरीराला तीच सवय. ते गेल्यानंतर त्यांच्या कन्येने मला एक बांधीव वही दाखवली. पहिल्या पानावर पुस्तकाचे नाव. दुसऱ्या पानावर अर्पणपत्रिका, आईवडिलांना. तिसऱ्या पानावर एकतीस प्रकरणांची अनुक्रमणिका, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात. चौथे पान कोरे होते.

ती वही पाहिली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. माझाही वायदा निवृत्तीचाच होता.

त्यानंतरचे वर्ष मी निरनिराळ्या वेळा पारखण्यात घालवले. रात्री अकरानंतरची वेळ सर्वांत सोज्वळ वाटते. घर निजलेले असते, कोणाचे काही हिरावले जात नाही. परंतु सिझेरियनसाठी बालरोगतज्ज्ञाला बोलावणे येते ते याच वेळी, आणि ज्या रात्री येत नाही त्या रात्री ते येईल या धास्तीने वाक्ये तोकडी होतात. पहाटेची वेळ ऋषींना मानवली, कारण त्यांना डबे भरायचे नव्हते. शिवाय बेळगावात ज्या दिवशी नळाला पाणी येते त्या दिवशी पहाटेचे सगळे काव्य पिंप भरण्यात जाते. दोन रुग्णांच्या मध्ये लिहिणे हा तिसरा मार्ग. त्याचा मोठा आदर्श आमच्याच शाखेत आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रुदरफोर्ड नावाच्या गावी विल्यम कार्लोस विल्यम्स हे कवी चाळीसेक वर्षे मुलांचे डॉक्टर होते. तपासणीच्या मेजातच त्यांनी टंकलेखनयंत्र बसवून घेतले होते. रुग्ण बाहेर पडला की ते वर काढायचे, दुसरा आत आला की पुन्हा खाली ढकलायचे. औषधाच्या चिठ्ठ्यांवरही ते ओळी टिपून ठेवीत. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी या दुहेरी जगण्याविषयी लिहिले आहे, आणि पुलित्झर पारितोषिक त्यांना १९६३ मध्ये मिळाले, मृत्यूनंतर. त्यांच्या कवितेच्या आखूड, तुटक ओळी पाहताना मला नेहमी वाटते की दाराबाहेर कोणीतरी खोकत बसले आहे हे त्या ओळींनाही ठाऊक असावे.

कवितेला हा मार्ग मानवत असेल. मी कथा लिहिते. औषध कंपन्यांच्या पॅडवर, जंतांच्या औषधाच्या नावाखाली, मी पुष्कळ टिपून ठेवले. परंतु ती टिपणेच राहिली. कथेला दोन रुग्णांमधला अवकाश पुरत नाही. एका पात्राला खोलीत आणावे तोवर खरेच कोणीतरी खोलीत येते. शिवाय त्या सहा मिनिटांवर बाहेर बसलेल्या आईचा हक्क अधिक आहे. पदरात तापलेले मूल घेऊन ती पाऊण तास बसलेली असते आणि आत डॉक्टर शब्द जुळवीत आहे, हे मला रुचले नाही. विल्यम्स यांना नावे ठेवण्याचा यात हेतू नाही. प्रत्येकाची प्रकृती वेगळी.

या तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान होती हे मला यजमानांनी दाखवून दिले. उद्यमबागेत त्यांचे लहानसे ओतकामाचे युनिट आहे आणि साहित्याशी त्यांचा संबंध वर्तमानपत्राच्या पुरवणीइतका. ते एका रात्री म्हणाले, "तू हे सगळं लपून केल्यासारखं करतेस. आम्ही झोपल्यावर, आम्ही उठायच्या आधी. भट्टी तापवण्यातच निम्मा खर्च जातो. ती कधी पेटणार हे ठरलेलं नसेल तर सगळा खर्च तापवण्यातच जाईल. वार सांग, वेळ सांग. मग बघू."

चोरून घेतलेल्या वेळेला मालक नसतो. ती कोणीही परत नेऊ शकते. सांगून, मागून घेतलेली वेळ घरात सर्वांच्या हिशेबात येते. लेखनासाठी वेळ मागणे डॉक्टरला जड का जाते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. रुग्णासाठी जेवणावरून उठताना आपण कोणाची परवानगी मागत नाही. लेखनातून मात्र कोणाचा ताप उतरत नाही, पैसा येत नाही, आणि बाईने तासभर दार लावून घेतले तर घराला ते रुसणे वाटते. म्हणून आपण ती हौस ठरवतो, आणि हौस नेहमी उरलेल्या वेळेत करायची असते. उरत काहीच नाही.

आमच्या घरी त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला. मुलगा नववीत, मुलगी सहावीत, सासूबाई शहात्तर वर्षांच्या. बेळगावातले दवाखाने दुपारी दीड-दोनला बंद होतात ते पाचला उघडतात, आणि मधली झोप हा या गावचा अलिखित कायदा आहे. मी मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी अडीच ते चार मागितले. त्या दोन दिवसांची झोप माझी गेली. पण झोप माझीच होती, ती सोडायला कोणाला विचारायचे नव्हते. इतर गोष्टी विचाराव्या लागल्या. शुक्रवारी मुलीला गाण्याच्या शिकवणीला कोण सोडणार? मंगळवारी गॅसवाला आला तर? मुलगा म्हणाला, "म्हणजे त्या वेळात आपण तुला काहीच विचारायचं नाही?" त्याला ती कल्पनाच चमत्कारिक वाटली. मुलीने कॅलेंडरवर लाल पेनाने 'आई लेखन' असे लिहिले. पोलिओ रविवारच्या शेजारी ते बरे दिसत होते. यजमानांनी शुक्रवारची शिकवणी पत्करली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त फोन कुठे ठेवणार आहेस, एवढे विचारले.

पुढची चार वर्षे तो फोन त्यांच्याजवळ राहिला. तातडीचे ते मला सांगायचे आणि बाकीच्यांना चारनंतर फोन करा म्हणायचे, ही वाटणी त्यांनी स्वतःच ठरवली. त्या जुन्या मॅट्रिक. परिचारिकेला न जमणारा विवेक त्यांना जमत असे. "पोर रडतंय का गप्प पडलंय?" हा त्यांचा एकच प्रश्न असे. रडत असेल तर चारपर्यंत थांबा. गप्प पडले असेल तर त्या दारावर थाप मारीत. बालरोगशास्त्राच्या जाड पुस्तकांत याहून फार वेगळे लिहिलेले नाही. एकदा त्यांनी बँकेच्या व्यवस्थापकांना, "ती लिहायला बसलीय, गावाला गेली असं समजा," असे सांगितलेले मी आतून ऐकले. गावाला गेली असे समजा. हे वाक्य मी पुढे एका कथेत वापरले आणि त्यांना ते मुळीच आवडले नाही.

२०१६ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळू लागली. कोणत्याही घरात अशा वेळी पहिली मोडते ती घरातल्या बाईची मोकळी दुपार, आमच्याकडेही मोडली. सात आठवडे मंगळवार-शुक्रवार आले आणि गेले. आठव्या आठवड्यात एका मंगळवारी, व्यायाम घेणाऱ्या ताई येऊन गेल्यावर, मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी डाव्या हाताने उशीखाली चाचपडून फोन काढला आणि छातीवर ठेवला. मग घड्याळाकडे पाहिले. अडीच वाजून गेले होते. त्यांना बोलता येत नव्हते आणि मला बोलायचे नव्हते. मी उठून आत गेले. त्या दिवशी काही लिहून झाले नाही, परंतु मी चारपर्यंत बसले. त्यानंतर फोन यजमान किंवा मुलगी उचलीत. तो असे मात्र आईंच्याच उशाशी. २०१९ साली त्या गेल्या.

त्यांच्यावर मी अजून लिहिलेले नाही. हा परिच्छेदच काय तो.

आपल्या गावाला या बाबतीत एक मोठा वारसा आहे आणि डॉक्टरांनी तो पाहण्यासारखा आहे. इंदिरा संत येथे राहिल्या, शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवीत राहिल्या, तेथेच प्राचार्याही झाल्या. १९४६ साली पती ना. मा. संत गेले, पदरी तीन लहान मुले. 'शेला' हा संग्रह १९५१ चा, 'मेंदी' १९५५ चा. 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले ते १९८४ साली. या तारखांच्या मधल्या जागेत नोकरी आहे, शिधा आहे, मुलांचे आजार आहेत. त्यांच्या कवितेविषयी बोलताना आपण विरह, निसर्ग, संयम असे शब्द वापरतो. मला त्या कवितेत घर आवरणाऱ्या हातांचा नेमस्तपणा दिसतो. ती कोणा फुरसतीच्या बाईची कविता नाही.

त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांची गोष्ट निराळी आणि माझ्या दृष्टीने अधिक अस्वस्थ करणारी. १९६० च्या दशकात त्यांच्या कथा 'सत्यकथे'त आल्या. मग दीर्घ मौन. कराडला महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले. 'वनवास' हे पुस्तक आले ते १९९४ मध्ये. लंपनचे ते गाव, ती कानडी-मराठी सरमिसळ, ते आजीचे घर. बेळगावकराला कोणी पत्ता सांगावा लागत नाही. पाठोपाठ 'शारदा संगीत' आणि 'पंखा' आली. २००३ मध्ये ते अपघाती गेले आणि 'झुंबर' त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. त्यांच्या पत्नी डॉ. सुप्रिया दीक्षित यांनी 'अमलताश' या पुस्तकात त्यांच्या सहजीवनाविषयी लिहिले आहे. इतक्या वर्षांच्या खंडानंतरही माणूस लिहू शकतो, असा दिलासा या उदाहरणातून काही जण घेतात. मी १९९४ आणि २००३ यांमधले अंतर मोजते. नऊ वर्षे. लंपनची ती चार पुस्तके आपल्याला मिळाली हे आपले भाग्य. पाचवे कसे असते हे कोणाला कळणार नाही.

सर्वस्व सोडून कलेकडे जाण्याचा मार्गही आहेच. डॉ. श्रीराम लागू यांनी कान-नाक-घशाची शल्यचिकित्सा सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमी पत्करली. 'लमाण'मध्ये ते सर्व आले आहे. सॉमरसेट मॉम डॉक्टर झाले आणि लगेच बाहेर पडले. मला मात्र व्यवसाय सोडायचा नव्हता, कारण माझे लेखन तेथूनच येते. चेकॉव्ह यांनीही तो पुरता सोडला नव्हता. १८९२ साली, 'वॉर्ड नंबर सहा' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, कॉलऱ्याची साथ येणार म्हणून त्यांनी पंचवीस खेड्यांची जबाबदारी विनावेतन घेतली होती. क्षयाने त्यांचे शरीर आधीच पोखरले होते. ही उदाहरणे मी स्वतःशी तुलना करण्यासाठी देत नाही. 'फार काम आहे' हे वाक्य उच्चारताना थोडे थबकावे, एवढ्यासाठी देते.

व्यवसायातून लेखन येते म्हणजे काय, हेही सांगायला हवे. बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण बोलत नाही. त्याच्या वतीने बोलणारी आई जे बोलते ते आपण केसपेपरवर इंग्रजीत उतरवतो, आणि उतरवताना निम्मे सांडते. "बाई, पोरगं कालपासनं किरकिर करतंय बघा, काय खाईना, मुठी नुसत्या आवळून धरतंय." आपण लिहितो, 'इरिटेबल, नॉट फीडिंग'. त्या मुठी कुठे गेल्या? बाळसे, मुडदूस, आकडी, डबा, दृष्ट. यांतले काही शास्त्रशुद्ध, काही मुळीच नाहीत, परंतु प्रत्येक शब्दामागे एक घर जागलेले असते. कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रीटा शेरॉन यांनी १९९३ पासून आपल्या विद्यार्थ्यांना एक समांतर केसपेपर लिहायला लावला. रुग्णालयाच्या कागदात जे लिहिता येत नाही पण कुठेतरी लिहायला हवे, ते तेथे लिहायचे. पुढे त्यातूनच वैद्यकशिक्षणाची एक शाखा उभी राहिली. हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. दहा वर्षांपूर्वी नवजात विभागात चोवीस दिवस झुंजून गेलेल्या एका आठशे ग्रॅमच्या मुलीविषयी मी केसपेपरवर जे लिहिले ते बिनचूक होते. तिच्या आजोबांनी शेवटी, "बारसं राहिलं," असे म्हणून काचेवर हात ठेवला, याला त्या कागदात रकाना नव्हता.

हे लिहिल्याने डॉक्टरला बरे वाटते का? १९८६ साली पेनेबेकर आणि बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या घटनांविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढील महिन्यांतल्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहान आणि अनिश्चित दिसला. माझा अनुभव असा की लिहिताना लगेच बरे वाटत नाही, उलट जखम उघडते. मनाच्या शांतीसाठी लिहावे, असे मी कोणाला सांगणार नाही; शांतीसाठी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली फिरणे अधिक गुणकारी आहे.

मात्र त्या आजोबांचे वाक्य मी येथे लिहिले, ते त्यांना विचारून. रुग्णाची गुपिते जपण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट आहे, परंतु बेळगावसारख्या गावात कायद्याच्या पुढे जावे लागते. येथे प्रत्येक जण कोणाचा तरी मावसभाऊ असतो. नाव बदलले तरी गल्ली ओळखली जाते, गल्ली बदलली तरी आजार ओळखला जातो. म्हणून माझ्याकडे उपचार चालू असलेल्या मुलावर मी एक अक्षर लिहीत नाही. काही वर्षे जाऊ देते. तोवर जे विसरले जाते ते बहुधा कथेला नको असलेलेच असते. जे विरत नाही त्यातला आजार बदलते, गाव बदलते, मुलाची मुलगी करते; आणि तरीही शंका राहिली तर कथा खणात राहते. सध्या अशा तीन आहेत. नियमित बसण्याचा हा एक लाभ : एका कथेवर सारे अवलंबून नसते, तिला थांबवता येते. दिवाळी अंकाच्या तारखेला बांधून, वर्षातून एकदा रात्री जागून लिहिणाऱ्याला ही चैन परवडत नाही.

नियमितपणाची खरी परीक्षा माझी २०२० मध्ये झाली, आणि ती अपेक्षेच्या उलट बाजूने. टाळेबंदीत आमचे बाह्यरुग्ण एकदम घटले. शाळा बंद म्हणून मुलांचे सर्दी-खोकले थांबले, लोक घराबाहेर पडेनात. तातडीचे काम आणि लसीकरण सोडले तर दुपारच्या दुपार मोकळ्या. मी आयुष्यभर मागत होते तेवढा वेळ समोर होता, आणि पहिल्या दोन महिन्यांत चार पाने झाली, तीही टाकाऊ. भीती हे एक कारण होतेच. दुसरे मला नंतर उमगले. वेळ पुष्कळ होता, पण मंगळवार नव्हता. सर्व वार सारखे झाले होते. शेवटी मुलीने, जी तेव्हा पुण्याहून परतून घरातूनच महाविद्यालयाचे तास करीत होती, कॅलेंडरवर पुन्हा लाल पेनाने लिहिले. बाकीच्या दुपारी मी लोणची घातली.

हिवाळ्यात आपल्या भागातल्या खेड्यांत साहित्य संमेलने भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. ग्रंथदिंडीच्या पुढे लेझीम असते, मंडपात शेतकरी दिवसभर बसून कविता ऐकतात. एका संमेलनात माझ्या कथाकथनानंतर एक गृहस्थ भेटले. भात आणि ऊस करतात, दोन म्हशी आहेत, आणि अठरा वर्षे अभंग रचतात. मी नेहमीचा प्रश्न त्यांना विचारला. "धार काढताना," ते म्हणाले. "म्हस वेळेवर थांबत न्हाई का?" त्यांच्याकडे वार मागण्याचा प्रश्नच नव्हता, म्हशीने तो दिवसातून दोनदा ठरवून दिला होता. आपल्या सुशिक्षित घरांत अशी म्हैस नसते म्हणून कॅलेंडर लागते.

मागच्या वर्षी आमच्या भागात नव्याने दवाखाना थाटलेली एक तरुण बालरोगतज्ज्ञ माझ्याकडे आली. महाविद्यालयात असताना तिने चांगल्या कविता केल्या होत्या. आता पदरी दोन वर्षांचा मुलगा, नवरा भूलतज्ज्ञ, दोघांच्याही वेळेचा भरवसा नाही, सासू-सासरे चंदगडला. तिच्यासाठी माझ्यापाशी अडीच ते चार नव्हते. दोन वर्षांच्या मुलासमोर माझी ही सारी व्यवस्था टिकली नसती. मी स्वतः सुरू केले तेव्हा माझी मुले शाळेत जात होती, हे मी तिला सांगितले. इतरांनीही ते लक्षात घ्यावे, कारण अशा लेखांत ते सहसा सांगितले जात नाही. आम्ही तिचा आठवडा कागदावर मांडला. गुरुवारी संध्याकाळी नवऱ्याची शस्त्रक्रियेची यादी नसते. तो मुलाला घेऊन गच्चीवर जाईल, ती चाळीस मिनिटे दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसेल, आणि परिचारिकेला 'पोर गप्प पडलंय का' हा प्रश्न पाठ करून ठेवायचा, असे ठरले. नवऱ्याला विचारायचे बाकी होते. तिने माझ्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, "गुरुवारीच का?" आणि मग, थोड्या वेळाने, "बरं. पण गच्चीवर डास आहेत."

गेल्या महिन्यात ती वही घेऊन आली. सहा गुरुवार साधले होते, चार हुकले होते. अकरा ओळी झाल्या आहेत. त्यांतल्या सात चांगल्या आहेत, आणि एकीत डास आहेत.